इन्शिराह मावशीचं उसनं दुखणं

इन्शिराह मावशीला मी शोधून काढलं, हे मी कॉलेजात इतक्यांदा सांगितलंय की आता मी तोंड उघडायच्या आत लोक माना डोलावतात. डोलावू देत. शोधलं ते मीच! पोर्ट सईदहून पोर्ट फुआदला जाणाऱ्या फेरीबोटीवर, सकाळी आठच्या गर्दीत, एक ठेंगणी बाई चार बायकांना गोळा करून, माणसं कशी चालतात ते करून दाखवत होती. आधी कोळीण झाली, मग शाळेचा हेडमास्तर. मग म्हणाली, "आणि हा कस्टमचा मोठा साहेब," आणि दोन पावलं टाकली. माझ्या हातातली फाइल खाली पडली. मी फिजिओथेरपी शिकवते. ज्या चालीवर मी दर वर्षी दोन तास फळा रंगवते, ती चाल ही बाई बोटीच्या कठड्याला धरून दोन पावलांत दाखवत होती.

"उजवा खुबा!" मी ओरडलेच.

ती वळली. माझ्याकडे पायांपासून वर बघत गेली, चेहऱ्यापर्यंत पोहोचायला तिला वेळ लागला. "बरोबर. आणि डावा बूट आतून झिजलेला. तूही पँटी शिवतेस का गं?"

सत्तावीस वर्षं तिने बाजारातल्या एका कापडाच्या दुकानात पँटी आखूड केल्या होत्या. तोंडात टाचण्या धरून फरशीवर गुडघे टेकायचे आणि गिऱ्हाइकाच्या पायाशी खडूने खूण करायची. बंदराचे अधिकारी, मासळीचे व्यापारी, नवरदेव, सगळ्या गावाचे पाय तिच्या नजरेखालून गेले होते. "दोन्ही पाय सारखे असलेला माणूस मी आजवर पाहिला नाही," ती मला म्हणाली, "पण सांगायची सोय नव्हती. गिऱ्हाइकाला वाटायचं, शिंपीण आपलं माप चुकवून माझ्या पायावर ढकलतेय."

बोट पलीकडे लागली तेव्हा मी तिला नोकरी देऊन टाकली होती. देण्याचा मला अधिकार नव्हता, पण ते मागाहून निस्तरता आलं असतं.

आमची अडचण अशी होती. पोरं चार वर्षं एकमेकांचे गुडघे वाकवून शिकायची. विशीतले गुडघे! कसेही वळवा, लोण्यासारखे. त्याशिवाय एक रबरी पुतळा होता, त्याला कुठेही दाबलं तरी तो छताकडे बघायचा. मग एकदम इस्पितळात खरी म्हातारी समोर यायची आणि पोरांचे हातपाय थंड पडायचे. म्हणून मी दोन वर्षं कानीकपाळी ओरडून एक गोष्ट मंजूर करून घेतली. धडधाकट माणसं आणायची, त्यांना एकेका रुग्णाची माहिती कार्डावर लिहून द्यायची आणि त्यांनी पोरांसमोर तो रुग्ण व्हायचं. चुकलं तर चुकू दे, दुखणं कुणाचंच नाही.

पहिले आले उस्ताद शहाता, हौशी नाटकातले जुने नट. त्यांना आखडलेला खांदा दिला. पोराने हात लावायच्या आत ते असे किंचाळले की शेजारच्या वर्गातले प्राध्यापक धावत आले. दुसऱ्या दिवशी पोराने चुकून दुसरा खांदा धरला, तरी हे किंचाळले. इन्शिराह मावशी कोपऱ्यात बसून बघत होती. म्हणाली, "उस्ताद, खांदा मेला हो तुमचा. आता सुतक तरी पाळा." उस्ताद रुसले ते पुन्हा आलेच नाहीत.

मावशीला मी कार्ड दिलं. नबवीया, वय एकसष्ट, डावा गुडघा झिजलेला, राहायला चौथ्या मजल्यावर, वेदना दहापैकी सात. तिने ते दोनदा वाचलं.

"घरात सपाता घालते की अनवाणी?"

"मावशी, ते कार्डावर नाही."

"भाजी कोण आणून देतं?"

"तेही नाही."

"मग हा गुडघा आहे कुणाचा? असा हवेत लोंबकळणारा गुडघा मी कसा घेऊ?"

तीन दिवस ती गायब. चौथ्या दिवशी आली ती नबवीया होऊनच. तीन दिवस मासळीबाजारात एका पेटीवर बसून तिने साठीच्या बायका बघितल्या होत्या. लंगडत नव्हती! हेच मी पोरांना सांगून सांगून थकते, की खरा दुखरा माणूस लंगडणं लपवतो. मावशीचा डावा पाय जमिनीवर जरासा कमी वेळ टेकत होता. भिंत जवळ यायच्या आधीच हात भिंतीकडे जात होता. आणि खुर्चीत बसताना शेवटची वीतभर ती खाली पडली, बसली नाही. माझ्या अंगावर काटा आला. मी तिथल्या तिथे टाळ्या पिटल्या, एकटीनेच.

आता आमचे विभागप्रमुख. डॉ. सफवत माणूस सज्जन, हात सोन्याचे, पण सगळं तक्त्यात बसलं पाहिजे. एप्रिलमध्ये शेवटच्या वर्षाची परीक्षा होती आणि त्यात पहिल्यांदाच मावशीचं टेबल लागणार होतं. त्याआधी त्यांनी स्वतः तालीम घेतली. विद्यार्थी होऊन तेच आत गेले. तक्ता मांडीवर, पेन हातात.

"कसं आहे मावशी? दुखतंय का?"

"अल्हम्दुलिल्लाह," मावशी म्हणाली.

आमच्याकडे या प्रश्नाला उत्तर हेच, देवाची कृपा. बढती मिळाली तरी हेच, छत गळायला लागलं तरी हेच. फरक असतो तो सुरात. मावशीने ते असं म्हटलं की शेवटचं अक्षर घशातच राहिलं, आणि हात मांडीवरून गुडघ्यापर्यंत जाऊन थांबला. मी काचेमागून बघत होते. एका बाजूने दिसणारी काच आहे आमच्याकडे, मोठ्या हौसेने बसवून घेतलेली. मला ते ऐकू आलं. सफवतसाहेबांनी तक्त्यावर खूण केली, 'वेदना नाही', आणि गुडघा वाकवायला घेतला. सगळं झाल्यावर आनंदात म्हणाले, "छान! चार मिनिटं वाचली."

मावशी उठून बसली. "डॉक्टर, सात होतं."

"काय सात?"

"दुखणं. दहापैकी सात. जीव जात होता माझा, आणि तुम्ही व्यायाम दुप्पट केलात."

काचेमागे मी हसू दाबायला ओढणी तोंडात कोंबली. साहेबांचे कान लाल झाले. बाहेर येऊन ते मावशीवर नाही, माझ्यावर तुटून पडले. "ही बाई उत्तर देत नाही, कोडं घालते! कार्डावर सात लिहिलंय तर विचारल्यावर सात म्हणायचं. परीक्षा आहे ही. पोरांचं वर्ष आहे."

"पण साहेब, इस्पितळातली कुठली बाई विचारल्याबरोबर सात म्हणते?"

"नगला, मी बावीस वर्षं रुग्ण तपासतोय."

ओठांवर आलं होतं, की म्हणजे बावीस वर्षं किती जणांचं सात शून्य म्हणून लिहिलंत? गिळलं. माझा स्वभाव बघता हा पराक्रमच. शेवटी त्यांनी अट घातली. बारा विद्यार्थी. बारांपैकी एकाने जरी स्वतःहून त्या अल्हम्दुलिल्लाहच्या पलीकडे जाऊन खरं दुखणं काढलं, तर मावशी राहील आणि पुढच्या वर्षी तिच्यासारखे आणखी पाच जण घेऊ. एकालाही जमलं नाही, तर त्या प्रश्नाचे गुण कुणाचेच धरायचे नाहीत, आणि पुढच्या वर्षीपासून नवा रबरी गुडघा. आणि मी पोरांना एका शब्दानेही सुचवायचं नाही.

मी हो म्हणून बसले! घरी न जाता सरळ मावशीचं घर गाठलं. ती मुलोखियाची पालेभाजी चिरत होती, दोन्ही हातांत अर्धगोल सुरी, खालीवर, खालीवर.

"मावशी, पाया पडते. फक्त सात म्हणा. नाहीतर निदान सुस्कारा तरी जरा मोठा टाका."

"नाही."

"अहो, तुमचं काम जाईल! माझी दोन वर्षं पाण्यात जातील!"

सुरी थांबली. "मितवल्ली काय म्हणायचा, ठाऊक आहे तुला?"

मितवल्ली तिचा नवरा. बंदरात क्रेन चालवायचा. शिडीवरून पडला, खुबा मोडला, ऑपरेशन करून स्क्रू बसवले. मग व्यायाम घ्यायला रोज घरी एक पोरगा यायचा. चांगला पोरगा, मावशी म्हणाली, स्वच्छ, नम्र, बूट दाराशी काढायचा. रोज विचारायचा, "चाचा, दुखतंय का?" मितवल्ली म्हणायचा, "अल्हम्दुलिल्लाह." पोरगा वहीत लिहायचा आणि व्यायाम वाढवायचा. असे अकरा महिने. आत स्क्रू सुटला होता, हाड खात होता. कुणीतरी शेवटी एक्स-रेचा फोटो काढला तेव्हा उभं राहायला खुब्यात काही उरलंच नव्हतं. तो अंथरुणाला खिळला, आणि पुढचा हिवाळा काही त्याने पाहिला नाही.

"सहा वर्षं झाली," ती म्हणाली. "त्या पोराला मी सकाळ-संध्याकाळ बोल लावते. एवढा शिकलेला, आणि त्याला ऐकू आलं नाही? तू मला सांगतेस सात म्हण. सात म्हटल्यावर गाढवालाही कळेल. तुझी बारा पोरं उद्या बारा घरांत जाणार आहेत. तिथे त्यांना सात कोण म्हणणार आहे?"

मग मी हट्ट सोडला. मुलोखिया मात्र पोटभर जेवले, ते वेगळं सांगायला नको.

परीक्षेच्या सकाळी एक पोरगी जिन्यात आडवी आली. "मॅडम, गुडघा येणार की पाठ?" मी तोंड मिटून पळाले, प्राध्यापकाने पळू नये तशी. काचेमागे सफवतसाहेब आधीच बसलेले, पुढ्यात बारा तक्ते, सगळे एका रेषेत. प्रत्येकाला आठ मिनिटं. घंटा झाली.

पहिला मोअताझ, वर्गातला हुशार. माझा सगळा भरवसा त्याच्यावर. धडाधड आत आला, हात धुतले, नाव सांगितलं, परवानगी मागितली, सगळं पुस्तकाप्रमाणे. "दुखतंय का मावशी?" "अल्हम्दुलिल्लाह." "अरे वा!" म्हणाला आणि लिहून मोकळा. मी कपाळावर हात मारला. दुसरी तशीच. तिसऱ्याने तर मावशीबरोबर स्वतःही "अल्हम्दुलिल्लाह, अल्हम्दुलिल्लाह" म्हटलं, मग दोघांनी एकमेकांच्या घरच्यांची खुशाली विचारली आणि गुडघा राहूनच गेला. चौथ्याने गुडघा वाकवताना मावशीचा चेहरा कसनुसा झाला, पण त्याचे डोळे कोन मोजायच्या पट्टीवर. "एकशे पाच!" तो आनंदाने म्हणाला. सात जण झाले, आठ झाले. प्रत्येक वेळी मी खुर्चीतून अर्धी उठायचे आणि पुन्हा बसायचे.

"शांत बसा, नगला," साहेब म्हणाले. "काच हलतेय."

नववी मुलगी उत्तराच्या जवळ आली होती. "नक्की?" असं विचारलंसुद्धा! मावशी म्हणाली, "नक्की, पोरी," आणि ती पुढे गेली. मी ओठ इतका चावला की रक्त आलं. साहेबांनी नवव्या तक्त्यावर खूण केली. जिंकतायत म्हणून ते खूश दिसत नव्हते, हे सांगायला हवं. पोरं त्यांचीही होती.

दहावी इबतिहाल. नाव वाचलं आणि मी आशाच सोडली. एक वर्ष नापास झालेली, बोलताना अडखळणारी, वर्गात नेहमी शेवटच्या बाकावर. आत आली ती पट्टी बाहेरच विसरून. परत गेली, घेऊन आली, खाली पाडली, उचलली. हात धुतले ते पुसायला काही सापडेना, म्हणून कोटाला पुसले. गुण गेला. मग बाकीचे उभे राहायचे तिथे ती स्टूल ओढून मावशीसमोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"मावशी, दु... दुखतंय का?"

"अल्हम्दुलिल्लाह."

तिने पेन उचललं. मी डोळे मिटले. पण कागदावर पेन घासल्याचा आवाज येईना. उघडून बघितलं तर ती मावशीच्या हाताकडे बघत होती, गुडघ्यावर जाऊन थांबलेल्या हाताकडे.

"कितव्या मजल्यावर राहता?"

"चौथ्या."

"लिफ्ट?"

"आहे. दाराला कुलूप आहे."

"मग काल किती वेळा उतरलात?"

"काल नाही उतरले."

"परवा?"

"परवाही नाही."

"शेवटचं कधी?"

मावशीने जरा विचार केला. हे कार्डावर नव्हतं. "ईदला. अल्हम्दुलिल्लाह."

मी खुर्चीतून पूर्ण उठले. साहेबही पुढे वाकले, त्यांच्या तक्त्यांची रेषा मोडली.

इबतिहाल म्हणाली, आणि यात एकदाही अडखळली नाही, "अल्हम्दुलिल्लाह आहेच, मावशी. पण ते तुम्ही त्या वरच्याला सांगितलंत. आता मला सांगा."

मी किंचाळले! काच जाड आहे म्हणून बरं. साहेबांचा दंड मी इतक्या जोरात धरला की त्यांच्या बाहीवर सुरकुत्या पडल्या. पण आत मावशी बोलेना. पाच सेकंद. दहा. आता हिने सात म्हणायचं, बस, एक शब्द! विसरली की काय? ती पोरीकडे बघत होती, तोंड किंचित उघडं, आणि सगळ्या वर्षात पहिल्यांदाच मला कळेना की समोर नबवीया बसलीय की इन्शिराह.

"सात," ती शेवटी म्हणाली. "आणि जिना उतरताना नऊ."

"कार्डावर नऊ नाही," सफवतसाहेब पुटपुटले.

"गप्प बसा हो!" मी म्हटलं. विभागप्रमुखांना. आणि ते खरोखर गप्प बसले. इबतिहाल आत सांगत होती, की मग आज वाकवायचं नाही, आज फक्त बसल्या बसल्या मांडी आवळायची, आणि लिफ्टच्या किल्लीसाठी घरमालकाला चिठ्ठी मी लिहून देते. तक्त्यावर 'घरमालकाला चिठ्ठी' असा रकाना नव्हता. साहेबांनी तो पेनने ओढला, समोर बरोबरची खूण केली आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. मग म्हणाले, "पाच जण शोधा, नगला. त्या बोटीवर आणखी कुणी आहे का बघा."

घंटा झाली. दोन विद्यार्थ्यांच्या मध्ये दोन मिनिटं असतात. मी धावत आत गेले. "मावशी! जिंकलो! पोरीने काढलं! साहेब म्हणाले पाच जण, मावशी, पाच!" मी तिचे खांदे धरून हलवत होते.

ती उठली नाही. डावा पाय तसाच लांब, हात तसाच गुडघ्यावर.

"किती वेळ लागला गं तिला?"

मी नोंद केली होती. "पहिल्या अल्हम्दुलिल्लाहपासून सातपर्यंत? एक मिनिट दहा सेकंद! आणि त्यातली दहा तर तुम्हीच खाल्लीत."

"एवढंच?"

"एवढंच!"

तिने मान हलवली. मग हळू आवाजात म्हणाली, "त्या पोराला मी सहा वर्षं बोल लावला. तो यायचा आणि अर्ध्या तासाने जायचा. मी तिथेच होते गं. चहा मीच करत होते. एकाच खोलीत झोपायचो आम्ही. मी रोज सकाळी विचारायचे, कसं वाटतंय, आणि तो म्हणायचा, अल्हम्दुलिल्लाह. आणि मी म्हणायचे, चला, बरं झालं." तिने माझ्याकडे बघितलं. "लोकांच्या पँटीवरून मला त्यांचे खुबे कळायचे गं. एक मिनिट मलाही होतं."

मी तिचे खांदे सोडले. दारावर टकटक झाली. अकरावा विद्यार्थी, हातात पट्टी, विचारत होता, येऊ का म्हणून.

त्याला म्हटलं, एक मिनिट थांब. आणि दार लावून घेतलं.